क कडूचा

दानेश्वरीच्या तोंडातून 'ख' निघत नाही, हे मला ती पहिलीत होती तेव्हापासून माहीत आहे. सोलापूरजवळच्या वळसंगच्या शाळेत मी फळ्यावर अक्षरं काढायची आणि मुलं एका सुरात ओरडायची, "क कमळाचा, ख खडूचा." दानेश्वरी ओरडायची, "क कमळाचा, क कडूचा." बाकीची पोरं हसली की मी हातातला खडू तिच्याकडे द्यायची.

"हे काय आहे गं?"

"कडू."

"मग लिही बघू."

ती फळ्यावर 'ख' काढायची, चांगला वळणदार, हसणाऱ्या पोरांपेक्षा सरस. पोरं गप्प बसायची. तिच्या घरी कन्नड बोलतात, माझ्याही घरी कन्नडच. आमच्या बोलण्यात ख, घ, भ असल्या अक्षरांना फारसा जोर नसतो. खाली बस म्हणायचं तर 'काली बस' म्हणतो. खाली बसणारा खालीच बसतो. त्यानं आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

दानेश्वरी सतरा वर्षांची झाली आणि अडलं.

निवृत्त झाल्यावरही मी संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर मुलींचा खो-खो घेते. गावात मला काशम्मा अक्कोरू म्हणतात. अक्कोरू म्हणजे बाई, शिकवणाऱ्या. दानेश्वरी त्या मैदानावरच वाढली. पाठलाग करताना ती अशी झेपावायची की पळणारीला वाटायचं ही अजून लांब आहे, आणि तोवर हिचा हात पाठीवर पडलेला असायचा. जिल्ह्याच्या संघात गेली, मग राज्याच्या. यंदा आशियाई स्पर्धा काठमांडूला ठरली आणि भारताच्या मुलींच्या संघासाठी महाराष्ट्रातून तिघींना घ्यायचं होतं. त्यांची निवड सोलापुरात, दोन दिवस.

मी वर्गातला जुना नकाशा मैदानावर आणून भिंतीला लावला होता. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, इराण, इंडोनेशिया. कुठून कुठून मुली येणार ते दाखवलं. दानेश्वरीनं विचारलं, "अक्कोरू, तितल्या मुली खेळताना काय म्हणतात?"

"जे तू म्हणतेस तेच. शब्द आपला आहे, तिकडंही तोच गेलाय."

तिला त्याचा फार आनंद झाला. दोन दिवस ती लहान मुलींना सांगत फिरत होती की इराणच्या पोरीपण 'को' म्हणतात.

निवडीच्या पहिल्या दिवशी मुलींचे दोन गट पाडून सामना लावला. दानेश्वरीच्या गटाची कर्णधार माळशिरसची अंकिता. अंगानं सडपातळ, तोंडानं फटकळ. मुख्य पंच उदयसिंह सर. निवड समितीचे प्रमुखही तेच. पुण्यात राहणारे, इस्त्रीच्या कपड्यांतले, शब्द तोलून बोलणारे.

खो-खो ज्यानं खेळला नाही त्याच्यासाठी एवढंच सांगते. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली रांगेत उकिडव्या बसलेल्या असतात, नववी पळणारीच्या मागे असते. ती बसलेल्या एखादीच्या पाठीवर हात मारते आणि 'खो' म्हणते. बसलेली उठते आणि पाठलाग पुढे नेते. जिनं खो दिला ती तिच्या जागी बसते. दिशा चुकली, खो चुकला, की फाऊल. मग पाठलाग करणारीला उलटं वळावं लागतं, आणि तोवर पळणारी निसटलेली असते.

दानेश्वरी उठली, एका पळणारीला तिनं खांबाकडे कोंडलं, अंकिताच्या पाठीवर हात मारला. "को." अंकिता ताडकन उठली.

शिट्टी वाजली. फाऊल.

कुणाला काही कळलं नाही. खेळ पुन्हा सुरू. पुन्हा तसंच. "को." शिट्टी. तिसऱ्यांदा उदयसिंह सरांनी खेळ थांबवला, दानेश्वरीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय म्हणालीस?"

"को म्हटलं, सर."

"खो म्हण."

"को."

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. दानेश्वरीनं मान खाली घातली. त्यानंतर ती दबूनच खेळली. हात पुढे जायचा, तोंड मिटलेलं राहायचं, आणि खो न म्हटल्याचाही फाऊल व्हायचाच.

चहाच्या वेळी मी मांडवात गेले. समितीची माणसं टेबलाभोवती बसली होती.

"सर, तिचा हात वेळेवर पडतो," मी म्हणाले. "आवाज मला पलीकडच्या पायरीवर ऐकू येतो."

"आवाज येतो हो बाई. खो येत नाही. को येतो."

"बसलेल्या मुलीला कळतंय. पळणारीला कळतंय. मग राहिलं कोण?"

"नियम राहिला." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "खो स्पष्ट म्हटला पाहिजे. उद्या हे सामने टीव्हीवर दिसणार. भारताची मुलगी को को करत पळतेय. कोंबडी वाटेल."

शेजारचे दोघं हसले. मी थांबले. हसू संपेपर्यंत थांबायची मला सवय आहे, वर्गात तेच करावं लागतं.

"बाहेरच्या देशांतल्या मुली कसं म्हणतात, सर?"

"त्यांचं वेगळं. त्यांची भाषा नाही ती."

"हिचीही नाही. घरी कन्नड बोलते."

"मग कर्नाटकाकडून खेळायचं की." ते सहज म्हणाले, पंखा लावा म्हणावं तसं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थोडे मऊ झाले. "हे बघा बाई, मुलगी चपळ आहे. राखीव म्हणून, नुसती पळायला घेता येईल. पळायला तोंड लागत नाही."

नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी एकाही मुलावर हात उगारला नाही. त्या दिवशी हातातला कप मी टेबलावर ठेवला, तो असा ठेवला की कान तुटून बाजूला पडला.  मी तशीच मांडवाबाहेर आले. राग आला की माझा आवाज बसतो, आणि त्या माणसापुढे बसलेल्या आवाजानं बोलायचं नव्हतं मला.

सोलापुरातच शुक्रवार पेठेत माझी धाकटी बहीण सिद्धेश्वरी राहते. आम्ही तिच्याकडे उतरलो होतो. अंकिताही आली, उतरायच्या जागी डास फार म्हणून. संध्याकाळी मी दानेश्वरीला ओट्यावर बसवलं.

"तळहात तोंडासमोर धर. क म्हण. काही लागलं?"

"न्हाय."

"आता पोटातून वारा सोड आणि म्हण. ख. हाताला वारा लागला पाहिजे."

चार-सहा वेळा फुसफुस झाली. मग लागला वारा. "खो," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. अंकितानं टाळी वाजवली. मग दोघी गल्लीत उतरल्या. अंकिता उकिडवी बसली, दानेश्वरी कोपऱ्यापासून पळत आली आणि तिच्या पाठीवर हात मारला. ख आला. पण हात उशिरा पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सिद्धेश्वरी दारातून बघत होती, तिलाही कळलं.

"अगं, आधी हात पडायचा," अंकिता म्हणाली. "आता आधी मानंवर वारा येतोय. मी काय पंख्याखाली बसलेय व्हय?"

मी म्हणाले, सरावानं जमेल. दानेश्वरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"साकू, अक्कोरू. पुरे. मी पळू का बाराकडी म्हणू?"

मी सराव तिथंच थांबवला.  मला स्वतःचाच राग आला. ज्याला शिकायचं आहे त्याला शिकवावं. जिला सगळं येतं तिला तिच्याच तोंडाची लाज मी का शिकवत होते?

जेवताना मी सिद्धेश्वरीला मांडवातलं कोंबडीचं बोलणं सांगत होते. अंकिता कडक भाकरी मोडत म्हणाली, "आमच्यात पानी म्हनत्यात. त्यानं काय तहान भागत न्हाय का? आन हे सर आमच्याच तालुक्यातले हायेत, म्हाईत हाय का? माझ्या आज्ज्याच्या वस्तीपासनं त्यांचं घर दिसतंय. पुन्याला गेले आन लई शुद्ध झाले."

दानेश्वरी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "अंकी, तुझं नाव तर लागनारच. तू उगीच कुनाला बोलू नको."

"बोलत न्हाय. खा."

दुसऱ्या दिवशी श्रीलंकेचा संघ आला. काठमांडूला जाण्याआधी सरावाचे सामने खेळत त्या मुली फिरत होत्या. समितीनं ठरवलं की आपल्या निवडक मुलींचा सामना त्यांच्याशी लावायचा आणि तो बघून नावं पक्की करायची. त्यांच्याबरोबर चंद्रिका नावाच्या प्रशिक्षक होत्या, माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या. नाव ऐकून, सामना बघायला आलेली सिद्धेश्वरी म्हणाली, ही तर आपल्यातलीच वाटते.

पहिल्या डावात श्रीलंकेच्या मुली पाठलागाला. त्यांची पहिली मुलगी धावली, बसलेलीच्या पाठीवर हात मारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "को."

मी उदयसिंह सरांकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठांत होती. वाजली नाही.

"को." "को." "को." सगळ्याच तशा म्हणत होत्या. त्यांच्या बोलण्यातही ख ला जोर नसावा. डाव संपेपर्यंत फाऊलची शिट्टी वाजली ती एकदाच, कुणाचा तरी पाय मधल्या रेषेवर पडला म्हणून. आपल्या मुली बाहेर रांगेत बसल्या होत्या, एकमेकींकडे पाहत. दानेश्वरी कुणाकडेच पाहत नव्हती. ती फक्त ऐकत होती.

दुसऱ्या डावात आपल्या मुली पाठलागाला. दानेश्वरीनं पहिलीला सूर मारून खांबापाशी टिपलं, तिथं तोंडाचं काम नव्हतं. दुसरीच्या मागे लागली, अंकिताच्या पाठीवर हात मारला. "को."

शिट्टी.

मैदानाच्या कडेला वळसंगची काही माणसं आली होती. त्यांच्यात चुळबुळ झाली. दानेश्वरी वळली, पुन्हा पळाली, पुन्हा हात मारला. तोंडातून आदल्या संध्याकाळचा वारा काढायचा प्रयत्न तिनं केला नाही. मुद्दामच केला नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं. "को," ती म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. शिट्टी. "को." शिट्टी. डाव संपला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ पांढरे पडले होते.

तिसरा डाव. पुन्हा श्रीलंकेच्या मुली पाठलागाला. त्यांच्या मुलीनं पाठीवर हात मारला, "को" म्हणाली, आणि बाहेर बसलेली अंकिता उभी राहिली. हात वर.

"सर, फाऊल."

"कसला फाऊल? बस खाली."

ती बसली. पुढचा खो.

"सर, फाऊल. को म्हणाली."

"अंकिता."

"कर्णधार हाय मी, सर. विचारू शकते. आता परत. ऐका. को. फाऊल."

कडेची माणसं हसायला लागली. पाहुण्या मुली गोंधळल्या. एक बसलेली उठावं की नाही या विचारात तशीच अर्धवट राहिली. चंद्रिकाबाईंनी हात वर करून खेळ थांबवला आणि मैदानात आल्या. आमची मुलगी काय चुकली, असं त्यांनी इंग्रजीतून सरांना विचारलं.

"नथिंग, नथिंग," सर म्हणाले.

"मग ही मुलगी फाऊल का म्हणते? आणि तुमच्या त्या मुलीला तुम्ही मघापासून फाऊल का देताय? मी बघतेय, मला कारण सापडलं नाही. काठमांडूला आम्हालाही द्याल. आधी सांगा, म्हणजे आम्ही सुधारू."

त्या खरंच शिकायला विचारत होत्या. चेहऱ्यावर काही कुत्सित नव्हतं. उदयसिंह सरांना आता इंग्रजीतून, पाहुण्यांच्या समोर, सांगायचं होतं की आमच्या मुलीला आमचा ख येत नाही म्हणून फाऊल, आणि तुमच्या मुलींनाही तो येत नाही, पण तुम्हाला माफ आहे. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मला तो क्षण गोड वाटला असं म्हणणार नाही. मला त्यांच्या तोंडातून ते वाक्य ऐकायचंच होतं, आणि ते येत नव्हतं, याचाच संताप होत होता.

"सर, सांगा की त्यांना," अंकिता म्हणाली. "कोंबडीचं पन सांगा."

"तू गप. तुला बस म्हणून सांगितलं न्हाय का मी?"

 सरांच्या स्वतःच्या कानावर तो 'न्हाय' पडला. त्यांची कानशिलं लाल झाली.

अंकितानं अगदी शाळेतल्यासारखे हात मागे बांधले. "सर, 'न्हाय' न्हाय म्हणायचं. 'नाही' म्हणायचं असतंय."

हसण्याचा असा लोट आला की पाहुण्या मुलीही न कळता हसल्या. सर मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि हातानं खेळ सुरू करायची खूण केली.

चौथ्या डावात दानेश्वरी पाठलागाला उठली. पळाली, अंकितामागे आली, हात मारला. "को." शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. त्यानंतर ती कशी खेळली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी खेळ बघतच नव्हते. मी ती शिट्टी बघत होते. तिच्या 'को'वर ती एकदाही वाजली नाही. पाहुण्या मुली एकेक करून बाद होऊन बाहेर येत होत्या, आणि येताना वळून दानेश्वरीकडे बघत होत्या.

दुपारी नावं वाचली. तिसरं नाव दानेश्वरीचं. ज्या कारणासाठी तिला गाळायचं ते कारण आता कुणासमोर सांगता येण्यासारखं उरलं नव्हतं. अंकिताचं नाव नव्हतं.

मी सरळ टेबलापाशी गेले. आज माझा आवाज बसला नव्हता.

"कर्णधार कुठं आहे, सर?"

"शिस्त, बाई. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. पंचांना उलट बोलणारी मुलगी परदेशात नेता येत नाही."

"काय उलट बोलली?"

ते कागद सारखे करत राहिले.

"तिनं तुमचा उच्चार दुरुस्त केला. दोन दिवस तुम्ही दुसरं काय करत होता?"

"बाई, निर्णय समितीचा आहे."

"मी पहिलीला शिकवलं, सर. चुकलेल्या मुलाला मी चार पोरांपुढे उभं केलं नाही. तुम्ही केलंत. आणि तुमचं चुकलं, तेव्हा एका पोरीनं नुसतं सांगितलं, तर तिचं वर्ष घेतलंत." आणखी पुष्कळ बोलले. समितीतल्या एकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. निर्णय बदलला नाही. परत निघाले तेव्हा चंद्रिकाबाई वाटेत उभ्या होत्या. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं. त्यांनी माझा हात धरला.

एसटी स्टँडवर अंकिताची गाडी लागायची होती. दानेश्वरी तिच्या पिशवीवर बसून राहिली होती, उठायला तयार नव्हती.

"मी जात न्हाय काटमांडूला. तू न्हाय तर मी न्हाय."

"आन मग मी उगीच बोलले व्हय?"

"तुला सांगितलं होतं ना बोलू नको."

"तू को म्हणायची थांबलीस का? न्हाय ना? मग मीपण न्हाय थांबले." अंकितानं पिशवीचा पट्टा ओढला. "ऊठ. माझी भाकरी हाय त्यात, मोडेल."

दानेश्वरी उठली नाही. तिचं तोंड रागानं फुललेलं होतं, पहिलीत पोरं हसली की फुलायचं तसं. मी तिची समजूत घातली नाही. तो राग तिच्याकडून काढून घ्यायचा हक्क मला नव्हता, आणि माझ्याकडं द्यायला त्याहून चांगलं काही नव्हतंही.

माळशिरसची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. अंकिता दानेश्वरीच्या मागच्या बाजूला गेली, जरा वाकली आणि तिच्या पाठीवर सपकन हात मारला.

"को."

दानेश्वरी ताडकन उभी राहिली. सवयच ती. अंकितानं तिच्या खालची पिशवी उचलली, गाडीत चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.